सोबत यादी, पाने ११

तलाठी भाऊसाहेबांनी पंचनाम्याचा कागद सहीसाठी माझ्याकडं फिरवला, तेव्हा आमच्या दुकानावर त्यात दीड ओळ होती. 'किराणा दुकान. पुराचे पाणी शिरून मालाचे नुकसान, अंदाजे रु.' आणि पुढं मोकळी जागा.

"भाऊसाहेब, आत काय काय होतं ते लिहा की."

"ताई, जागा कुठंय? आजून बेचाळीस घरं राहिल्यात."

त्यांचंही खरं होतं. गुडघ्याएवढ्या चिखलातून चालत आले होते. पँटी वर दुमडलेल्या, कागद भिजू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पेन दर दोन ओळींनी बंद पडायचं. पण मी अडून बसले. शेवटी त्यांनी वैतागून कागद पुन्हा मांडीवर घेतला आणि त्या दीड ओळीखाली तीन शब्द आणि एक आकडा टाकला: 'सोबत यादी, पाने ११'. दोन पंचांच्या सह्या झाल्या. एक शेजारचे कापडवाले काका, दुसरा समोरच्या पिठाच्या गिरणीचा पोरगा.

पुढचे सहा महिने ग्रामपंचायत, तहसील, बँक, विमा, जीएसटी असं जिथं जिथं गेले, तिथं माझं काम त्या एका ओळीनं झालं.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, सीनेच्या काठावर. बाजारचं गाव आहे, त्यामुळं आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे छोटे दुकानदारही आमच्याकडून माल भरतात. दुकान सासऱ्यांनी टाकलं, त्यांना आम्ही मामा म्हणतो. आता गिऱ्हाईक आणि गाडी आमचे हे बघतात, कागदपत्रं माझ्याकडं. बार्शीला बी.कॉम. केलं त्याचा एवढा उपयोग होईल असं लग्नात कुणाला वाटलं नव्हतं.

ती यादी मी पुरासाठी केलीच नव्हती. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि २२ सप्टेंबरपासून नवे दर लागू होणार असं ठरलं. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर, तूप आणि पाकीटबंद फरसाण १२ वरून ५ वर. आमच्या एजन्सीवाल्यांनी सांगून ठेवलं होतं, की २१ तारखेच्या रात्री जुन्या भावाचा जेवढा माल शिल्लक असेल त्याची यादी करून फोटो पाठवा, कंपनीकडून फरक मिळवून देतो. २१ ला रविवार, त्यात सर्वपित्री अमावस्या. दिवसभर गर्दी. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, म्हणून साबुदाणा, भगर, शेंगदाणे, दिव्याचं तेल, नारळ असं सगळं दुकानात गळ्यापर्यंत भरलेलं. शटर अर्धं ओढून मी आणि माझी लेक मोजत बसलो. ती ओरडून सांगायची, मी लिहायची. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. अर्ध्या मालाला जुने-नवे भाव नसताना सगळाच माल का मोजायचा, म्हणून पोरगी कुरकुरत होती. मी म्हटलं, आता बसलोच आहोत तर होऊन जाऊ दे. एजन्सीला लागणारं चार पानांत संपलं असतं, ती अकरा झाली. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी सगळ्या पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले. वही काउंटरखाली ठेवली आणि घरी आलो.

पहाटे पाणी आलं. वही गेली, फोटो राहिले.

पुराचं फार सांगत बसत नाही. टीव्हीवर सगळ्यांनी बघितलंय. परांडा तालुक्यात हेलिकॉप्टरनं लोकं उचलली, तेही बघितलं असेल. आमची माणसं सगळी सुखरूप राहिली, बास.

दुकान मात्र सांगते. दोन दिवसांनी शटर उघडलं तर ते अर्ध्यातच अडकलं, आतून काहीतरी दाबत होतं. साबुदाण्याची पोती फुगली होती. साबुदाणा पाण्यात किती फुगतो हे रोज खिचडी करणाऱ्या बाईला माहीत असतं, पण पन्नास किलोचं पोतं फुगताना कुणी बघितलंय? शिवण उसवून पांढरा लगदा बाहेर आला होता, त्यानं शेजारची रॅक पुढं ढकललेली, ती शटरला टेकली होती. साबणाच्या वड्या एकमेकींना चिकटून एकच हिरवट दगड झालेला. सगळ्यात फसवी बिस्किटं. पाकिटं वरून टकाटक, धुऊन पुसून मांडली तर कुणाला कळलं नसतं. एक जण म्हणालाही, "वहिनी, वस्तीवर निम्म्या भावात जातील." यांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं, तो गेला. पोटमाळ्यावर ठेवलेला माल तेवढा वाचला.

सगळं बाहेर काढून टाकायचं, तर आधी कर सल्लागारांना फोन लावला. आमच्याकडं त्यांना अजून सेल्सटॅक्सचे वकीलच म्हणतात, मीही वकीलसाहेब म्हणते. त्यांचं पहिलं वाक्य 'माणसं बरी आहेत ना' आणि दुसरं 'काही फेकू नका'.

"ताई, माल नासला याचा पुरावा लागंल. फोटो काढा, व्हिडिओ काढा, पंचनामा होऊ द्या. ग्रामपंचायतीच्या ट्रॅक्टरनं उचलला तर तसं पत्र घ्या. आणि हिशोबाची पुस्तकं भिजली का?"

"भिजली म्हणजे, लगदा झाला."

"मग त्याचाही फोटो. आणि आजच अर्ज लिहा, की पुस्तकं पुरात नष्ट झाली. जीएसटीच्या ऑफिसात द्या आणि पोच घ्या. तीन वर्षांनी नोटीस आली तर तेव्हा पुराची आठवण फक्त तुम्हाला राहील."

जीएसटीत हिशोबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. आमचे तर सगळे सीनेनं नेले. पण एक गोष्ट बरी निघाली. खरेदीची बिलं गेली तरी पोर्टलवर जीएसटीआर-२बी मध्ये प्रत्येक व्यापाऱ्यानं आपल्या नावावर टाकलेलं बिल दिसतं. मी एप्रिलपासूनचे सगळे महिने उतरवून घेतले. विक्रीचा बॅकअप ३१ ऑगस्टपर्यंतचा पेनड्राइव्हवर होता, घरी देवघराच्या कप्प्यात. राहिले सप्टेंबरचे एकवीस दिवस. त्यातलं यूपीआयचं बँकेच्या खातेउताऱ्यात सापडलं. रोखीचं मात्र रोजच्या गल्ल्याच्या आठवणीवर आणि बँकेत भरलेल्या चलनांवरून जुळवलं. त्या कामाला दहा दिवस गेले, आणि डोळ्यांची वाट लागली ती वेगळी.

या दहा दिवसांत गावात रोज नवी बातमी यायची. ओला दुष्काळ जाहीर होणार, कर माफ होणार, लाइट बिल माफ होणार. 'ओला दुष्काळ' नावाची गोष्ट नियमावलीतच नाही, पण दुष्काळाच्या सगळ्या सवलती लागू करू, असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. मग ७ ऑक्टोबरला ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. पारावर एकानं मोबाइलवर मोठ्यानं वाचून दाखवलं: जमीन महसुलात, म्हणजे शेतसाऱ्यात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला एक वर्ष स्थगिती, परीक्षा फी माफ. जमीन खरडून गेली असेल तर हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतचं काम. दुकानदारांना ५० हजारांपर्यंत मदत. मामांना सूट म्हटलं की बहात्तरचा दुष्काळ आठवतो. म्हणाले, "तवाबी सारा माफ झाल्ता. आन् आमी खडी फोडत हुतो."

माझं सगळं लक्ष 'कर' या शब्दावर होतं. आयकर आणि जीएसटी या यादीत कुठंच नव्हते. ते राज्याच्या मदतीत बसत नाहीत हे मला कळत होतं, तरी आशा होती. ऑगस्टात पावसानं मुंबई तुंबली तेव्हा मुंबई, ठाणे, रायगड, पालघर इथल्या व्यापाऱ्यांना जुलैच्या ३बी साठी, म्हणजे जीएसटीच्या दरमहाच्या विवरणपत्रासाठी, आठवडाभर वाढवून मिळाला होता, २७ ऑगस्टपर्यंत. ते मी वाचलं होतं. मी वकीलसाहेबांना म्हटलं, आपल्यालाही काहीतरी मिळेल की. ते म्हणाले, "मिळालं तर देवाची कृपा. तुम्ही मिळणार नाही असं धरून चला. एक दिवस उशीर झाला तर रोजचे ५० रुपये लेट फी आणि वर १८ टक्के व्याज."

शेवटी सप्टेंबरच्या ३बी ची मुदत वाढली, २० ची २५ ऑक्टोबर झाली. पण ती दिवाळी मध्ये आली म्हणून, अख्ख्या देशाला. सीनेचा त्यात काही संबंध नव्हता. कापडवाल्या काकांना मात्र पुराच्या नावानं थोडा श्वास मिळाला. त्यांच्या मागच्या वर्षाच्या ऑडिटची मुदत ३० सप्टेंबर होती, दुकानात तेव्हा गाळ उपसणं चालू होतं. २५ सप्टेंबरला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं ती ३१ ऑक्टोबर केली, आणि कारणांमध्ये पुराचाही उल्लेख होता. पुढं ती १० नोव्हेंबरपर्यंत गेली. काका म्हणायचे, तारीख वाढवून दिली पण फाइली कुठून वाढवून देणार.

आता ज्या गोष्टीनं माझी झोप उडवली ती. मला वाटत होतं, माल वाहून गेला, नासला, म्हणजे त्यावर भरलेला जीएसटी सरकार परत देत असेल किंवा निदान सोडून तरी देत असेल. झालं उलटंच. कायद्याच्या कलम १७(५)(ह) मध्ये स्पष्ट लिहिलंय, की हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या किंवा खर्ची टाकलेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे खरेदीच्या वेळी जो कर आपण एजन्सीला दिला आणि पुढं विक्रीच्या करातून वळता करून घेतला, तो माल विकायच्या आधीच नष्ट झाला तर परत सरकारला भरायचा. यालाच क्रेडिट उलटवणं म्हणतात. आग लागली, पूर आला, उंदरांनी खाल्लं, कायद्याला सगळं सारखंच.

"म्हणजे साबण गेला तो गेला, वर त्याचा करही माझ्याच माथी?"

"हो ताई. ३बी मध्ये ४(ब)(१) च्या रकान्यात दाखवायचं. लपवू नका. विम्याचा दावा करणार, मदतीचा अर्ज करणार, सगळीकडं माल नष्ट झाला म्हणून लिहिणार, आणि इथं क्रेडिट तसंच ठेवणार, हे जुळतं का?"

मग ती अकरा पानं काढली. पोटमाळ्यावरचा माल वजा केला. राहिलेल्याचे दराप्रमाणे चार ढीग केले. सुटं धान्य, सुटा गूळ, नारळ, ज्यावर करच नाही, ते १ लाख १० हजार. ५ टक्क्यांचा, म्हणजे तेल, साखर, चहा, पाकीटबंद डाळी, २ लाख ६० हजार. १२ टक्क्यांचा, तूप आणि फरसाण, ६० हजार. १८ टक्क्यांचा, साबण-पेस्ट-बिस्किटं, दीड लाख. माल ५ लाख ८० हजारांचा, आणि उलटवायचं क्रेडिट १३,००० अधिक ७,२०० अधिक २७,०००, म्हणजे ४७ हजार २०० रुपये.

त्यात त्या २७ हजारांनी जास्त जिवाला लागलं. तोच साबण मी दोन दिवस थांबून घेतला असता तर त्यावर ५ टक्केच कर असता. पण खरेदी जुन्या दरात झाली होती, म्हणून उलटवायचंही जुन्याच दरात. नवरात्र आहे म्हणून जास्त माल भरला, तेच अंगलट आलं. पुढचे दोन महिने खात्यात क्रेडिट उरलंच नाही, विक्रीवरचा कर खिशातून रोखीनं भरला.

आमच्याच ओळीतला पानपट्टी आणि जनरल स्टोअर्सवाला कंपोझिशनमध्ये आहे. उलाढालीवर एक टक्का भरायचा, क्रेडिट घ्यायचंच नाही. त्याचाही माल गेला, पण त्याला उलटवायला काही नव्हतंच. तो मला म्हणाला, "वैनी, आपलं अडाण्याचं बरं असतंय." मी काही बोलले नाही. त्याच्या मालाच्या किमतीत कर आधीच मुरलेला होता, तो त्यानं आधीच सोसला होता. पण त्या दिवशी तरी तो माझ्यापेक्षा सुखी होता.

दुकानदारांच्या मदतीसाठी तहसीलला शॉप अ‍ॅक्टचा परवाना, रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, पंचनामा आणि पासबुक मागितलं. तिथल्या टेबलावरच्या बाईंनी पंचनामा वाचून 'सोबत यादी' वर बोट ठेवलं. "यादी कुठाय?" मी छापून आणलेले अकरा फोटो दिले. प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात व्हॉट्सअ‍ॅपची तारीख आणि वेळ. त्या दोन मिनिटं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पूर यायच्या आधीच तुम्ही नुकसानीची यादी केली?" त्यांना सगळं समजावून सांगेपर्यंत मागची रांग ओरडायला लागली.

तिथला छापील अर्ज टंचाईच्या काळातला होता. विषयात 'पाणीटंचाई' छापलेलं, त्यावर रेघ मारून हातानं 'अतिवृष्टी' लिहायचं. आमच्या भागात सरकारी कागदाला पाण्याची सवय नाही, काय करणार. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच आमच्या पट्ट्यातली ही गोष्ट.

डिसेंबरात ५० हजार खात्यावर आले. मी आकडा बघितला आणि हसू आलं. ४७ हजार २०० गेले, ५० हजार आले. खाती वेगळी, कायदे वेगळे, सगळं कबूल. पण माझी पासबुकाची वही एकच. यांना म्हटलं, एवढा चिखल तुडवून आपल्या पदरात २ हजार ८०० पडले.

त्या ५० हजारांवर आयकर लागतो का, हेही विचारून घेतलं, कारण गावात एक हुशार सगळ्यांना घाबरवत होता. लागत नाही. आपत्तीपोटी केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेकडून व्यक्तीला मिळालेली भरपाई १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम १०(१०बीसी) खाली करमुक्त धरली जायची. अट एवढीच, की त्याच नुकसानीची वजावट आपण आयकरात आधी घेतलेली नसावी. विम्याचे पैसे यात धरायचे नाहीत, तो धंद्याचा हिशोब.

विम्याचंही ऐका. आमच्या कॅश क्रेडिट खात्याबरोबर, म्हणजे मालाच्या तारणावरच्या कर्जखात्याबरोबर, बँकेनं मालाचा विमा काढलेला, हप्ता दरवर्षी खात्यातून आपोआप कापला जायचा. पॉलिसी मी पहिल्यांदा वाचली ती पुरानंतर. विमा ६ लाखांचा, जुन्या कर्जमर्यादेएवढा. त्या रात्री दुकानात माल होता ८ लाखांचा, हे माझ्याच यादीनं सिद्ध केलं. नुकसान मोजायला आलेले विमा कंपनीचे सर्व्हेअर शांतपणे म्हणाले, मॅडम, तीन चतुर्थांश मालाचाच विमा आहे, म्हणून नुकसानही तीन चतुर्थांशच मिळेल. तेव्हा मला यादीचा राग आला. कमी माल दाखवला असता तर? पण मग गेलेला मालही कमीच दिसला असता. खोटं बोलून काही हाती लागत नव्हतं, मी दोन्ही बाजूंनी हिशोब मांडून बघितला. उगाच सत्यवादी असल्याचा आव आणत नाही.

त्यांनी ५ लाख ८० हजारांवर हिशोब धरला, म्हणजे ४ लाख ३५ हजार. मी वकीलसाहेबांनी पढवलेलं बोलले: "या मालावरचं क्रेडिट मी उलटवलंय, म्हणजे कर मलाच पडलाय. माझी खरी किंमत करासकट आहे." त्यांनी पुरावा मागितला. सप्टेंबरचं भरलेलं ३बी मी फाइलमध्ये घेऊनच गेले होते. ४(ब)(१) समोर ४७,२०० दिसत होते. त्यांनी दुसऱ्यांदा मांडणी केली: ६ लाख २७ हजार २०० चे तीन चतुर्थांश, ४ लाख ७० हजार ४००. त्यातून पॉलिसीत ठरलेली वजावट. म्हणजे जे क्रेडिट उलटवताना मी रडले, त्यातलेच ३५ हजारांच्या आसपास या दारानं परत आले. उलटवायला टाळाटाळ केली असती तर विम्यात तो कर मागताच आला नसता. ज्यांचा विम्याचा दावा आहे त्यांनी हे ध्यानात ठेवा, कारण सर्व्हेअर आपणहून सांगत नाहीत. आमच्या सर्व्हेअरना तरी मला सांगावं लागलं.

राहिला आयकर. आम्ही दरवर्षी १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ४४एडी कलमाखाली, छोट्या धंद्यांच्या योजनेत भरत आलो. रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के नफा धरायचा, हिशोबाची पुस्तकं दाखवायची भानगड नाही. यंदाची उलाढाल ८५ लाखांच्या घरात जाईल, त्यावर नफा धरला तर साधारण ६ लाख. प्रत्यक्षात यंदा त्याच्या निम्मेही सुटले नाहीत.

"मग कमी दाखवूया की," मी म्हटलं.

"दाखवता येतं. पण मग पुस्तकं पूर्ण लागतील, जी तुमची वाहून गेली. आणि एकदा या योजनेतून बाहेर पडलात की पुढं पाच वर्षं परत आत यायचं नाही. बरं, ६ लाख दाखवले तर कर किती?"

नव्या करपद्धतीत यंदा, म्हणजे २०२५-२६ ला, १२ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर रिबेट मिळून कर शून्य. ६ लाख दाखवा नाहीतर २ लाख, भरायचं काहीच नाही. कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाला बँकेलाही ६ लाखांचंच विवरणपत्र आवडणार. ठरलं. पण मला ते आवडलेलं नाही. ज्या वर्षी चिखलातून साबुदाणा खोऱ्यानं उपसला, त्या वर्षी माझ्या विवरणपत्रात सालाबादप्रमाणे भरभराट दिसणार. पूर कुठल्याच रकान्यात नाही. कापडवाल्या काकांचं वेगळं. त्यांचा विमा नव्हता, पुस्तकं सगळी संगणकावर पुण्याच्या मुलाकडं. ते खरा तोटा दाखवणार आहेत. विवरणपत्र मुदतीत भरलं तर धंद्याचा तोटा आठ वर्षं पुढं ओढता येतो. काकांचं वय एकाहत्तर. म्हणाले, "आठ वर्षं म्हणजे सरकारला माझ्यावर भरवसा हाय."

घरपट्टीची गंमत वेगळीच. ३० सप्टेंबरच्या आत भरली तर पाच टक्के सूट मिळते. मी चार ऑक्टोबरला गेले, कारण ३० तारखेला ग्रामपंचायतीचं ऑफिसच उन्हात वाळत होतं, दप्तरं अंगणात पसरलेली. सूट द्या म्हटलं तर ग्रामसेवक म्हणाले, वरून आदेश नाही. मग पडक्या भिंतीची पट्टी तरी कमी करा म्हटलं, तर म्हणाले अर्ज द्या. अर्ज दिला, पोच घेतली. मार्चअखेर जवळ आली, तेव्हा पूर्ण भरून टाकली, नाहीतर वर पाच टक्के दंड. अर्जाचं उत्तर अजून यायचंय.

जमीन महसुलाची सूट मात्र खरंच मिळाली. आमची नदीकाठची एक हेक्टर दहा आर, सोयाबीनसकट वरची माती गेली, खाली दगडगोटे उघडे पडले. त्याच्या मदतीची गोष्ट मोठी आहे, ती मामांची, ते सांगतील तेव्हा सांगतील. ८-अ च्या उताऱ्यावर त्या जमिनीचा आकार, म्हणजे वर्षाचा सारा, २ रुपये ७५ पैसे. जिल्हा परिषदेचा आणि ग्रामपंचायतीचा उपकर त्याच्यापेक्षा मोठा, तरी सगळं मिळून पंचवीस रुपयांच्या आत.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मामा धोतर-टोपी करून निघाले. कुठं, तर सारा भरायला. मी म्हटलं, "मामा, यंदा माफ हाय."

"माहीत हाय मला. तरीबी जाऊन येतो."

दोन तासांनी आले. भाऊसाहेबांनी पैसे घेतले नाहीत. मामांनी मग माफ झाल्याची पावती मागितली. भाऊसाहेब म्हणाले, बाबा, भरल्याची पावती असते, माफ झाल्याची कुठून आणू? मामा तिथं अर्धा तास बसले, चहा पिऊन उठले. घरात आल्यावर टोपी खुंटीला लावली आणि माझ्यापुढं पंचवीस रुपये ठेवले, एक वीसची नोट आणि पाचचं नाणं.

"हे आसू दे तुझ्याजवळ. आन् तुझ्या त्या यादीत लिहून ठिव, सारा माफ, पण आमी गेल्तो."

मी नवी वही काढली, तारीख टाकली आणि लिहिलं.